मलाशयाचा कर्करोग : सुरीइतकीच शुश्रूषाही मोलाची

शौचावाटे रक्त पडू लागले की आपल्याकडे बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द येतो : मूळव्याध. मग कुणी सुचवलेले चूर्ण, औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले मलम, तिखट बंद आणि ताक सुरू, असे दोन-चार महिने निघून जातात. बहुतेक वेळा ती खरोखरच मूळव्याध असते आणि नेमक्या याच कारणामुळे उरलेल्या थोड्या रुग्णांचा घात होतो. मलाशयाच्या कर्करोगाची सुरुवातही अशाच रक्ताने होते. त्यानंतर शौचाच्या सवयीत बदल होतो, पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही, वारंवार जावेसे वाटते, वजन उतरते. वास्तविक मलाशयाच्या खालच्या भागातील अनेक गाठी डॉक्टरांच्या हातमोज्यातील बोटाला लागतात. मिनिटभराची ही तपासणी रुग्ण संकोचामुळे टाळतो आणि काही वेळा डॉक्टरही टाळतात.

निदान झाल्यावर दुसरा अडथळा उभा राहतो. शस्त्रक्रियेची माहिती देताना डॉक्टर 'कदाचित पोटावर पिशवी लावावी लागेल' असे सांगतात आणि घरच्यांच्या कानात तेवढेच शब्द घुमत राहतात. त्यात 'सुरी लागली की कॅन्सर पसरतो' हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला समज. परिणामी काही जण उपचार अर्धवट सोडून जातात आणि परततात तेव्हा गाठ शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेली असते. हा आजार केवळ म्हाताऱ्यांचा आहे, असेही समजण्याचे कारण नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांची एक पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यातील रुग्णांच्या वयाचा मध्यांक ४७ वर्षे होता. म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून लहान, संसार आणि नोकरीच्या ऐन भरातले होते.

पिशवीची भीती समजण्यासारखी आहे. मात्र पिशवी लागेल का, या प्रश्नाआधी विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे : गाठ पहिल्याच प्रयत्नात पूर्णपणे निघेल का? याचे उत्तर शल्यविशारदाच्या हातावर अवलंबून असतेच, पण शस्त्रक्रियेआधीच्या तयारीवर आणि नंतरच्या शुश्रूषेवरही अवलंबून असते. ही सारी साखळी नीट समजून घेतली, तर भीती बरीच कमी होते.

अडचणीच्या जागेतील गाठ

मोठ्या आतड्याचा शेवटचा सुमारे १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे मलाशय. तो ओटीपोटाच्या हाडांच्या निमुळत्या कड्यात बसलेला असतो. पुढे मूत्राशय, पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी आणि स्त्रियांत गर्भाशय व योनिमार्ग, मागे माकडहाड, दोन्ही बाजूंना लघवी व लैंगिक क्रियांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सूक्ष्म नसा आणि तळाशी शौचावर ताबा ठेवणारे गोल स्नायू, अशी ही दाटीवाटीची जागा आहे. पोटात वर असलेल्या मोठ्या आतड्याच्या गाठीसोबत दोन्ही बाजूंचे निरोगी आतडे सढळपणे काढता येते. मलाशयात तशी मोकळीक नसते. काही मिलिमीटर अलीकडे कापले तर कर्करोगाच्या पेशी मागे राहतात, काही मिलिमीटर पलीकडे गेले तर नसांना इजा होते. अरुंद ओटीपोटाच्या पुरुषात हे काम अधिकच अवघड होते.

शंभर वर्षांचा प्रवास

या शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास लंडनमध्ये सुरू होतो. विल्यम अर्नेस्ट माइल्स हे तेथील शल्यविशारद सुरुवातीला प्रचलित पद्धतीनुसार केवळ खालच्या बाजूने गाठ काढत असत. अशा ५७ रुग्णांचा त्यांनी मागोवा घेतला, तेव्हा ५४ जणांत आजार उलटल्याचे दिसले. गाठीबरोबर तिच्या भोवतीच्या लसिका ग्रंथीही काढल्या पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि १९०८ साली नवी शस्त्रक्रिया जगापुढे मांडली. तीत पोटाकडून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी मलाशय, गुदद्वार व आसपासचा भाग काढला जाई आणि पोटावर कायमचा शौचमार्ग करण्यात येई. प्रारंभी यात दगावणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. तरीही पुढील काही दशके हीच शस्त्रक्रिया प्रमाण मानली गेली.

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे क्लॉड डिक्सन यांनी वरच्या भागातील गाठी काढून आतडे पुन्हा जोडता येते आणि रुग्ण नेहमीच्या मार्गाने शौचास जाऊ शकतो, हे शेकडो रुग्णांच्या अनुभवातून दाखवून दिले. पुढे १९७० च्या दशकात आतड्याची दोन टोके वर्तुळाकार टाक्यांनी जोडणारे स्टेपलर यंत्र प्रचारात आले. जेथे हाताने टाके घालणे जवळजवळ अशक्य, अशा खोल जागीही त्यामुळे जोडणी करता येऊ लागली. गाठीच्या खाली पाच सेंटिमीटर निरोगी आतडे काढलेच पाहिजे, हा जुना दंडकही अभ्यासांती शिथिल झाला. आता योग्य रुग्णांत एक ते दोन सेंटिमीटर पुरेसे मानले जाते. असंख्य रुग्णांचे गुदद्वार त्यामुळे वाचले.

खरी कलाटणी मात्र १९८२ साली मिळाली. इंग्लंडमधील बेसिंगस्टोक या छोट्या शहरातील शल्यविशारद बिल हील्ड यांनी मलाशयाभोवतीच्या चरबीच्या वेष्टनाकडे लक्ष वेधले. 'मेसोरेक्टम' नावाच्या या वेष्टनात लसिका ग्रंथी असतात आणि कर्करोगाच्या पेशी प्रथम तेथेच पसरतात. त्या काळी अनेक शल्यविशारद हा भाग हाताने चाचपत, ओढून मोकळा करीत. त्यात वेष्टन फाटून पेशी आत राहून जात. वेष्टन आणि त्याबाहेरचे अवयव यांच्यामध्ये निसर्गतःच एक पातळ, जवळजवळ रक्तहीन पापुद्रा असतो. डोळ्यांना दिसेल अशा रीतीने, तीक्ष्ण हत्याराने, त्या पापुद्र्यातूनच कापत गेले तर पुडके न फोडता आतील ऐवज अलगद उचलावा तसे मलाशय अखंड बाहेर येते, असे हील्ड यांचे प्रतिपादन होते. नसा या पापुद्र्याच्या बाहेर असल्याने त्याही वाचतात.

हे केवळ एका निष्णात हाताचे यश नव्हते, हे स्टॉकहोमने सिद्ध केले. १९९० च्या दशकात तेथील शल्यविशारदांना या तंत्राचे पद्धतशीर प्रशिक्षण देण्यात आले. त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. ओटीपोटात आजार उलटण्याचे प्रमाण १४-१५ टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर आले आणि गुदद्वार काढून कायमची पिशवी द्याव्या लागणाऱ्यांचे प्रमाण ५५-६० टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर घसरले. नवे औषध किंवा महागडे यंत्र आलेले नव्हते, केवळ कापण्याची रीत सुधारली होती. आपली शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना नेमक्या याच कामाचा किती अनुभव आहे, हे विचारणे म्हणूनच उद्धटपणाचे ठरत नाही.

आधी किरण, मग सुरी

'गाठ आहे ना, मग उद्याच काढून टाका', अशी घाई नातेवाईक करतात. पण येथे तपासण्यांचा क्रम चुकवून चालत नाही. बायॉप्सीने निदान पक्के झाल्यावर संपूर्ण मोठ्या आतड्याची कोलोनोस्कोपी, छाती व पोटाचा सीटी स्कॅन आणि ओटीपोटाचा एमआरआय केला जातो. गाठ वेष्टनाच्या कडेपासून किती मिलिमीटर दूर आहे, हे एमआरआयवर दिसते. या नकाशाशिवाय शस्त्रक्रियेला हात घालणे म्हणजे अंधारात वाट शोधणे होय.

गाठ कडेच्या जवळ असेल किंवा ग्रंथींत पसरली असेल, तर प्रथम किरणोपचार व केमोथेरपी देऊन ती आकसवली जाते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात शस्त्रक्रियेआधी पाच दिवसांच्या किरणोपचाराने स्थानिक पुनरुद्भव २७ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आला. पुढे २००४ साली जर्मनीतील अभ्यासाने किरणोपचार व केमोथेरपी नंतर देण्यापेक्षा आधी देणे सरस असल्याचे दाखवले. त्यात पाच वर्षांतील स्थानिक पुनरुद्भव १३ टक्क्यांऐवजी सहा टक्के होता. अलीकडे बरीचशी केमोथेरपीही शस्त्रक्रियेआधीच देण्याकडे कल आहे. त्यामुळे निदानानंतर शस्त्रक्रियेपर्यंत काही महिने गेले, तर उपचार रखडला असे नाही. तो काळ उपचाराचाच भाग असतो. तरुण रुग्णांनी मात्र किरणोपचारापूर्वीच अपत्यप्राप्तीचा विषय डॉक्टरांपाशी काढायला हवा. बीजांडे किंवा शुक्राणू जपून ठेवण्याची सोय नंतर उपयोगी पडत नाही.

शस्त्रक्रिया टळूच शकते का? काही रुग्णांत, होय. ब्राझीलमधील साओ पावलोच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ साली एक धाडसी अनुभव मांडला. आधीच्या उपचारांनी गाठ पूर्ण विरघळलेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया न करता त्यांनी त्यांना बारकाईने देखरेखीखाली ठेवले होते. आज अनेक मोठ्या केंद्रांत हा पर्याय दिला जातो. गाठीच्या पेशींत विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या थोड्या रुग्णांत तर केवळ प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाने गाठ नाहीशी झाल्याचे २०२२ साली न्यूयॉर्कमधील १२ रुग्णांच्या अभ्यासात आढळले. अर्थात, देखरेख म्हणजे दर काही महिन्यांनी बोटाने तपासणी, दुर्बीण आणि एमआरआय. तारखा चुकवणाऱ्या रुग्णाला हा मार्ग घातक ठरतो.

दुर्बिणीतून किंवा रोबोच्या साह्याने केलेल्या शस्त्रक्रियेबद्दल आज सर्वाधिक विचारणा होते. लहान छेद, कमी वेदना, लवकर घरी जाणे हे तिचे फायदे खरे आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील मोठ्या अभ्यासात दुर्बीण व खुली शस्त्रक्रिया या दोन्हींत तीन वर्षांनंतरचा स्थानिक पुनरुद्भव पाच टक्के, म्हणजे सारखाच आढळला. त्याच वर्षीच्या अन्य दोन अभ्यासांत मात्र दुर्बिणीने काढलेला नमुना तितकाच निर्दोष असतो, हे सिद्ध होऊ शकले नाही. सारांश, यंत्रापेक्षा ते चालवणारा हात महत्त्वाचा.

पिशवी कुणाला आणि कशासाठी?

पिशवी दोन प्रकारची असते आणि यातला फरक न सांगितल्याने बराच घोळ होतो. गाठ गोल स्नायूंत शिरलेली असेल तर गुदद्वारासह मलाशय काढून पोटाच्या बहुधा डाव्या बाजूला मोठ्या आतड्याचे तोंड आणले जाते. ही कायमची व्यवस्था. गाठ थोडी वर असेल तर आतडे जोडता येते, पण खोल जागची जोडणी भरून येईपर्यंत तिच्यावरून मल जाऊ नये यासाठी लहान आतड्याचे तोंड, बहुधा उजव्या बाजूला, तात्पुरते बाहेर काढतात. ते काही महिन्यांनी छोट्या शस्त्रक्रियेने बंद केले जाते. केमोथेरपी बाकी असल्यास त्याला अधिक काळ लागतो.

या तात्पुरत्या पिशवीमागे ठोस कारण आहे. अशा खोल जोडणीतून गळती होणे ही या शस्त्रक्रियेतील सर्वांत धास्तीची गुंतागुंत. स्वीडनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संरक्षक पिशवी नसलेल्या रुग्णांत लक्षणे दाखवणारी गळती २८ टक्के, तर पिशवी असलेल्यांत १० टक्के होती. ज्या पिशवीला रुग्ण शिक्षा समजतो, ती अनेकदा त्याचे प्राण राखणारी पहारेकरीण असते.

पिशवीचे तोंड पोटावर नेमके कोठे असावे, हे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ठरवून खूण करायला हवी. रुग्णाला बसवून, उभे करून, वाकायला लावून पोटाच्या वळ्या पाहाव्या लागतात. पायजम्याची नाडी, पँटचा पट्टा किंवा साडीच्या निऱ्या जेथे येतात ती जागा टाळावी लागते. रुग्णाला ते तोंड स्वतःला दिसले पाहिजे आणि हात पोहोचला पाहिजे. भूल दिलेल्या, आडव्या माणसाच्या पोटावर अंदाजाने निवडलेली जागा पुढे रोजच्या गळतीला आणि त्वचेच्या जखमांना निमंत्रण देते. खूण कोण करणार, हे रुग्णाने आवर्जून विचारावे.

तयारीचे दिवस

शस्त्रक्रियेआधीचे आठवडे वाट पाहण्यात घालवण्यापेक्षा शरीर तयार करण्यात घालवावेत. महिनाभर आधी तंबाखू, विडी-सिगारेट, मिश्री आणि दारू बंद करणे, हा पहिला नियम. सततच्या रक्तस्रावाने हिमोग्लोबिन खालावलेले असते. ते लोहाने वेळीच वाढवावे. मधुमेह आटोक्यात आणावा. रोज चालावे आणि श्वासाचे व्यायाम करावेत. फुंकर न मारता श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलायचे छोटे यंत्र घरीच सरावाचे झाले, तर शस्त्रक्रियेनंतर न्यूमोनियाचा धोका कमी होतो. आहारात डाळी, दूध, अंडी, पनीर, मासे अशी प्रथिने वाढवावीत. 'कॅन्सरला साखर आणि दूध वर्ज्य' अशा ऐकीव पथ्यांनी वजन उतरते आणि त्याचा फटका जखम भरताना बसतो.

रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको, ही जुनी सक्ती आता सरसकट पाळली जात नाही. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात शस्त्रक्रियेभोवतीच्या अशा अनेक रूढी तपासून पाहिल्या. त्यातून लवकर बरे करण्याची नवी पद्धत रुजली. सर्वसाधारणपणे घन आहार सहा तास आणि पाण्यासारखे स्वच्छ द्रव दोन तास आधीपर्यंत चालतात. मात्र प्रत्येकाच्या बाबतीत भूलतज्ज्ञांचा शब्द अखेरचा.

पहिला आठवडा

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने निपचित पडून राहावे, अशी आपली समजूत. नवी शुश्रूषा नेमके उलटे सांगते. बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवतात आणि दिवसागणिक चालणे वाढवतात. नाकातील नळी गरज नसल्यास ठेवत नाहीत आणि घोट घोट पाण्यापासून खाणे लवकर सुरू करतात. चालण्याने फुफ्फुसे मोकळी राहतात, आतडी लवकर जागी होतात आणि पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका कमी होतो. कर्करोग व ओटीपोटाची शस्त्रक्रिया यांमुळे हा धोका वाढलेला असतो. म्हणून रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने अनेक रुग्णांना घरी गेल्यावरही चार आठवड्यांपर्यंत घ्यावी लागतात. जखम बरी दिसते म्हणून ती मध्येच सोडू नयेत.

आपल्या रुग्णालयांत शुश्रूषेचा मोठा भार नातेवाईकांवर असतो. त्यांनी दुखण्याचे औषध 'सवय लागेल' म्हणून नाकारू नये. वेदना दबल्याशिवाय रुग्ण खोकू किंवा चालू शकत नाही. हात धुतल्याशिवाय जखमेला, नळीला किंवा पिशवीला स्पर्श करू नये. भेटायला येणाऱ्यांची गर्दी आवरावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, बदलांकडे लक्ष ठेवावे. ताप, वाढती नाडी, पोटाचा फुगवटा, वाढत्या वेदना, निचरा नळीतून घाण द्रव येणे किंवा 'काहीतरी बिघडले आहे' अशी रुग्णाची अस्वस्थता ही गळतीची पहिली चाहूल असू शकते. ती बहुधा पहिल्या दहा दिवसांत येते, परंतु घरी गेल्यावरही येऊ शकते. अशा वेळी उद्याच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

घरी आल्यानंतर

पिशवीची काळजी अवघड नाही, पण ती शिकावी लागते. पोटावरचे तोंड लालसर, ओलसर असते आणि त्याला स्पर्शाची वेदना नसते. ते काळसर किंवा जांभळे दिसले तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. पिशवीच्या चकतीचे भोक तोंडापेक्षा दोन-तीन मिलिमीटर एवढेच मोठे कापावे, अन्यथा मल कातडीला लागून ती सोलवटते. कातडी साध्या पाण्याने धुऊन कोरडी करावी, तेल-पावडर लावू नये. पिशवी एकतृतीयांश भरली की रिकामी करावी.

लहान आतड्याच्या पिशवीत मल पातळ असतो आणि त्यासोबत पाणी व क्षार वाहून जातात. मुंबईच्या किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात तर रुग्ण चटकन कोरडा पडतो. नुसते पाणी ढोसण्याने भागत नाही. ओआरएस किंवा डॉक्टरांनी सांगितलेले मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. दिवसाला दीड लिटरहून अधिक मल येऊ लागला, लघवी कमी झाली किंवा चक्कर आली, तर मूत्रपिंडांना इजा होण्याआधी रुग्णालय गाठावे. खोबरे, मका, शेंगदाणे असे चोथ्याचे पदार्थ सुरुवातीला टाळावेत आणि नंतरही नीट चावून खावेत. सुमारे सहा आठवडे जड वजन उचलू नये.

पिशवी बंद झाली, म्हणजे सारे पूर्वीसारखे होते असे नाही, हेही आधी सांगायला हवे. मल साठवणारी जागाच लहान झाल्याने दिवसातून अनेकदा जावे लागते, कळ रोखता येत नाही, कधी कपडे खराब होतात. आहारातील बदल, औषधे आणि गोल स्नायूंचे व्यायाम यांनी वर्षभरात पुष्कळ सुधारणा होते. लघवीच्या व लैंगिक तक्रारींवरही उपचार आहेत. त्यासाठी आधी तोंड उघडावे लागते. जोडीदाराला या बोलण्यात सामील करून घेतल्यास ओझे हलके होते.

कायमची पिशवी असलेली माणसे लोकलने कामावर जातात, लग्नकार्याला हजर राहतात, प्रवास करतात. अशा व्यक्तींना आधार देणारी ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था मुंबईत काम करते. ज्याने ही वाट चालून पाहिली आहे त्याच्याशी अर्धा तास बोलणे, हे शस्त्रक्रियेआधी घाबरलेल्या रुग्णाला चार पुस्तकांहून अधिक धीर देते. खर्चाची चिंता असणाऱ्यांनी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रियांचा समावेश आहे.

आजार उलटण्याचा धोका पहिल्या तीन वर्षांत सर्वाधिक असतो. म्हणून पाच वर्षे ठरलेल्या वेळी तपासणी, 'सीईए' ही रक्तचाचणी, सीटी स्कॅन आणि वर्षभराने कोलोनोस्कोपी चुकवू नये. जवळच्या नातेवाइकांनीही आपली तपासणी केव्हा करावी, हे विचारून घ्यावे.

हे पाच प्रश्न विचारा

शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी रुग्णाने किमान पाच प्रश्न विचारावेत. एमआरआयनुसार गाठ कडेपासून किती दूर आहे? किरणोपचार आधी हवेत का आणि हा निर्णय सर्व तज्ज्ञांनी एकत्र बसून घेतला आहे का? आपण वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? पिशवी लागल्यास ती तात्पुरती की कायमची आणि खूण कोण करणार? घरी गेल्यावर रात्री-अपरात्री काही बिघडले तर फोन कुणाला करायचा?

चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. या पाच उत्तरांसाठी खर्ची पडलेला अर्धा तास वाया जात नाही. मूळव्याध समजून घालवलेले चार महिने मात्र परत मिळत नाहीत. शौचावाटे रक्त दिसले तर वय कितीही असो, मलमाची नळी विकत घेण्याआधी एकदा तपासून घ्यावे.